चार शिलिंडरचे मालक

मालकांच्या घरात चार मानसं जेवायला बसली की वाढायचा नेम ठरलेला. पयल्याला वाढायचं, मंग तिसऱ्याला, मंग चवथ्याला, आनि दुसऱ्याला सगळ्यात शेवटी. दुसऱ्या पाटावर जो बसंल तो बिचारा आमटीच्या वासावर थांबायचा.

मी नवी व्हते तवा ओळीनं वाढत गेले. मालकांनी हात आडवा धरला.

"अगो बाय, असं ओळीनं वाढलंस तर घर हादरतं."

"वरनभातानं घर कसं हादरंल?"

"इंजिनात चार शिलिंडर असतात. ती ओळीनं पेटवली तर सगळा जोर एका अंगाला जातो. म्हणून एक, तीन, चार, दोन. समजलं?"

मला काय समजनार? पन ज्याच्या घरात ऱ्हायचं त्याचं ऐकायचं. एक, तीन, चार, दोन. एकदा कोन इस्टेटीवाले पावने आले व्हते, ते दुसऱ्या पाटावर बसले. तिसऱ्याचा भात संपत आला तरी ह्यांचं ताट कोरडं. उठले आनि हात न धुताच गेले. हात धुवायला काय व्हतंच नाय म्हना हाताला. मालक बोलले, "जाऊ दे. त्याचं टायमिंग आधीपासूनच बिघडलेलं होतं."

हे मालक म्हनजे आमचे पेनचे घरमालक. एके काळी हायस्कुलात गनित शिकवायचे. मी पायले तवा नोकरी संपलेली, बायको वारलेली, मुलगा पुन्याला. घरात ते आनि दारात त्यांची गाडी. छोटी, पेट्रोलवरची, चार दारांची, राखी रंगाची. गियरची दांडी स्टेरिंगच्या बगलेला. मालकांनी घेतली तवाच ती कुनीतरी वापरून टाकलेली व्हती.

मी जिते गावाकडची. शाळा दुसरीपरेंत. नवरा वीटभट्टीवर व्हता. त्याला कावीळ झाली, पाल्याचं औशद घेतलं, आठवड्यात गेला. दीर बोलला, आमचंच भागत नाय. तो तरी काय खोटं बोलला? भात आनि मागनं वाल, ह्याच्यापलीकडं शेतात काय पिकत नव्हतं. लेकीला घेऊन पेनला आले आनि पोह्याच्या गिरनीत लागले. रडायला येळ नव्हता असं नाय, येळ व्हता, जागा नव्हती. गिरनीच्याच शेडात झोपायचो, आजूबाजूला धा बाया. मंग कुनीतरी सांगतलं, त्या गाडीवाल्या मास्तरांची मागली पडवी रिकामी हाय, स्वैपाकपानी बघनारी बाई त्यांना पायजे.

गेले. मला वाटलं इचारतील, जात कुठली, सवय कसली, पोर किती. मालकांनी गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आनि बोलले, "काय ऐकू येतंय ते सांग."

मी आइकलं. आमच्या गावात मोठी व्हाईन व्हती, कांडायला जमिनीत पुरलेली. तिच्याभवती चौघी उभ्या ऱ्हाऊन मुसळं घालायचो, एकीमागं एक. एकीचा हात ढिला पडला की बघायला नको, कानालाच कळतं. मी बोलले, "चौघी कांडतायत. त्यातली एक दमलीय."

मालक माज्या तोंडाकडं टक लावून बघत व्हते. मंग त्यांनी इंजिनावरच्या चार काळ्या वायरींतली एक उपटली. "आता?"

"आता दोघीच उरल्या."

ती लावली, दुसरी उपटली. "आता?"

"दोघीच."

तिसरी उपटली.

"आता काय फरक नाय. मगाशी व्हतं तसंच हाय."

"मग तीच दमलीय," मालक बोलले आनि तितला प्लग काढून मला दावला. काजळीनं काळाकुट्ट, डोळ्यात घालावं इतकं काजळ. "कधी येतेस राहायला?"

मला वाटलं मानूस याडा हाय, पन पडवीला पत्रा चांगला हाय.

एक गोष्ट मला म्हयन्याभरानं कळली. मालकांना ऐकू येत नव्हतं. थोडं नाय, कायच नाय. समोरचा हळू बोलला, तोंड त्यांच्याकडं करून, तर व्हटांवरनं वळखायचे. एरवी ढोल वाजला तरी त्यांच्या लेखी शांतता. आनि हे गावात कुनाला म्हाइत नव्हतं, कारन मालकांनी एक वाक्य धरून ठेवलं व्हतं. समोरच्यानं काय पन बोललं की मान हलवायची आनि बोलायचं, "तेही खरंच आहे म्हणा."

भाजीवाली बोलली, वांगी म्हाग झाली. "तेही खरंच आहे म्हणा." कुनी बोललं, औंदा आंबा नाय. "तेही खरंच आहे म्हणा." शेजारच्या काकूंनी एकदा सांगतलं, भावजींना अर्धांग झालं हो. मालक हसून बोलले, "तेही खरंच आहे म्हणा," आनि वर इचारलं, "मग चहा घेणार?" काकू चार म्हयने बोलल्या नायत. मालकांना ते पन कळलं नाय.

मी कवा चारचौघांत वाच्यता केली नाय, त्यांनी पन मला कवा गप ऱ्हा असं सांगतलं नाय. माज्याशी बोलताना मातर वाक्य नव्हतं. मी हळू बोलायचे, समोर उभी ऱ्हाऊन. मला आवडच हळू बोलायची. गिरनीत आयुष्य आरडाओरड्यात गेलेलं.

रोज सकाळी देवाला दिवा लावताना मालक पुटपुटायचे. मला वाटायचं स्तोत्र. "बोअर अडुसष्ट, स्ट्रोक पंच्याहत्तर, एक हजार एकोणनव्वद सीसी, बारा व्होल्ट." हे झाल्याबिगर उदबत्ती लागायची नाय. ऐकून ऐकून मला पाठ झालं, लेकीला बी पाठ झालं. तिला शाळेत बाईंनी पाढा इचारला तर ती उभी ऱ्हाऊन बोलली, "बोअर अडुसष्ट." बाई बोलल्या, हा कितीचा पाढा?

पोस्टकारड आलं की मालक आधी वाचायचे नायत. आधी बॉनेट उघडायचे. गाडीत दोन बारके पॉइंट असतात, ते उघडझाप करतात तवा ठिनगी पडते. त्यांच्यामधी जागा किती पायजे, तर पोस्टकारडाच्या जाडीइतकी. ते कारड त्या फटीत घालून बघायचं, मंग कुनाच्या घरी बारसं, कुनाच्या घरी मयत ते वाचायचं. त्यांच्याकडं आलेल्या समद्या बारशांना इंजिनाचं काळं लागलेलं.

पावसाळ्यात गाडी दमट व्हायची आनि सुरू व्हायची नाय. मालक तिची ठिनगी वाटनारी एक टोपी काढायचे, चार शिंगांची, आनि सरळ माज्या चुलीपाशी आनून द्यायचे.

"शेकव. पापडासारखी. करपू देऊ नको, फुगू देऊ नको."

"मालक, भाकरी तव्यावर हाय."

"भाकरीला कुठे जायचंय? गाडीला जायचंय."

कुटं जायचंय? रोह्याला. दर मंगळवारी गाडी पेनवरनं रोह्याला न्यायची, कुंडलिकेच्या काठाला उभी करायची, टपरीवर चा प्यायचा, माघारी यायचं. मी इचारलं, रोह्याला कोन हाय? बोलले, "कुणी नाही. पण वाटेत सपाटी आहे, बाजार आहे, भिसे खिंडीचा चढ आहे, उतार आहे. इंजिनाची परीक्षा व्हायला आणखी काय लागतं?"

मी पाठी बसायचे, त्यांच्या बरोब्बर पाठी. माजी कामं ठरलेली. ऐकायचं आनि त्यांच्या खांद्यावर ठोकायचं. पाठनं हारन आला तर उजव्या खांद्यावर एक थाप. इंजिनातली एक दमली तर डाव्या खांद्यावर बोटं. आनि मांडीवर पान्याची बादली नि जुन्या लुगड्याचं फडकं. इंजिनाच्या बगलेला पेट्रोलचा पंप असतो. उन्हात तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हते आनि गाडी चढावर मरते. मंग वलं फडकं गुंडाळायचं, पंप निवला की चालू. मला हिवताप आला तवा पन मालकांनी हेच केलं. कपाळाला हात लावला, बोलले, "पंप तापलाय," आनि तेच फडकं डोक्यावर टाकलं. पेट्रोलचा वास येत व्हता, पन ताप उतरला.

माजं चुकायचं पन. एकदा मी सांगतलं, इंजिनात कायतरी टकटक वाजतंय. मालकांनी ओट्यावर चादर पसरली, इंजिनाचं झाकन काढलं, नट-बोल्ट वाटीवाटीत मांडले. दोन दिवस आम्ही वाट्यांबिगर जेवलो. तिसऱ्या दिवशी कळलं, सीटखाली माजा पोळ्यांचा डबा व्हता, त्यात चमचा. मला वाटलं, आता पडवी जाते. मालक डबा हातात धरून हालवत बसले, हाताला ठोके जोखत. मंग बोलले, "बघ, डबा नि इंजिनातलं टॅपेट यांचा आवाज सारखा असतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही."

असं चाललं व्हतं. मंग शिमग्यानंतर त्यांचा मुलगा पुन्यावरनं आला.

मुलगा वाईट नव्हता. कामात बुडलेला, चश्मा सारखा वर करनारा, दोन दिवसांची रजा मोजून आनलेला. त्याला काकूंनी काय काय सांगतलं असंल. संध्याकाळी मालक वाती वळत बसले व्हते, हा समोर बसला आनि भिंतीकडं बघत बोलला, "बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं हे माहीत होतं. पण लोक म्हणतात, अजिबातच येत नाही."

मालक बोलले, "तेही खरंच आहे म्हणा."

थट्टा करतायत की खरं सांगतायत, मुलाला उमगंना. त्यानं माज्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत व्हते, निवडत ऱ्हायले.

"बाई, तुम्ही सांगा. खरंय का?"

"माज्याशी तर चांगलं बोलतात," मी बोलले. खोटं काय व्हतं त्यात?

मुलगा उठला, मालकांच्या पुढ्यात येऊन उभा ऱ्हायला. चश्मा काढला. आता तो समोरनं बोलला म्हनून मालकांना कळलं.

"उद्या मंगळवार. तुम्ही रोह्याला जाता ना? मी शेजारी बसतो. नीट जाऊन आलो तर मी पुन्हा बोलणार नाही. नाहीतर हे घर बंद करायचं आणि माझ्याबरोबर पुण्याला यायचं."

"आणि गाडी?"

"भंगारात."

घर बंद म्हनजे पडवी बंद. माजी लेक तवा आठवीला व्हती. गिरनी तोवर मोटरवर गेलेली, बायांना काढलेलं. जित्याला दिराच्या दारात परत जायचं तर पोरीची शाळा तितंच संपली. मी तांदळातला खडा काढला, बाजूला ठेवला, आनि उद्या काय काय न्यायचं ते मनात घेतलं. बादली, फडकं, कान.

सकाळी मालकांनी स्तोत्र दोन येळा म्हटलं.

मुलगा पुढं बसला, मी मालकांच्या पाठी. वडखळपरेंत झकास. पाठनं ट्रक आला, मी थाप दिली, मालक बाजूला झाले. एसटी आली, थाप दिली, मालक बाजूला झाले. मुलगा वळून वळून बघायचा, मी पदर नीट केल्यासारखं करायचे. चौघी आतमधी अशा कांडत व्हत्या, की लग्नाचे पोहे असावेत.

नागोठन्याच्या पुढं मुलगा बोलायला लागला. खिडकीकडं तोंड करून.

"पुण्यात आता किती सोय झालीय, बाबा. डॉक्टर खालच्याच मजल्यावर आहेत."

मालकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं, त्याचं तोंड हालत व्हतं. "तेही खरंच आहे म्हणा."

"तुमच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय."

"तेही खरंच आहे म्हणा."

मुलगा खूश झाला. "म्हणजे तुमच्याही मनात यायचं आहे?"

माजा हात खांद्यावर व्हताच. थापेची खून न्हवती ही, पन खुना कोन आठवत बसतो? मी चिमटा काढला. मालक "आई गं" बोलले.

"काय झालं?"

"काही नाही. खड्डा."

"खड्डा कुठे होता?"

"म्हणूनच तर," मालक बोलले, "नव्हता तिथे बसला."

खिंडीच्या चढावर ऊन डोक्यावर आलं आनि व्हायचं तेच झालं. चौघींचे हात एकदम ढिले पडले, गाडी आचके देत थांबली. मुलगा बोलला, "संपलं." मालक खाली उतरले, बॉनेट उघडलं, माज्याकडं हात केला, मी फडकं पिळून दिलं, त्यांनी पंपाला गुंडाळलं. मंग दगडावर बसून शेंगा सोलल्या. मुलाला पन दिल्या. शेंगा संपल्या आनि मालकांनी किल्ली फिरवली. गाडी चालू. मुलगा बघतच ऱ्हायला. बोलला, "हे मात्र मानलं." ते मालकांना दिसलं, त्यांनी छाती फुगवली.

खिंड उतरलो. मला आता रोहा दिसत व्हतं. चा प्यायचा, वळायचं, पेन. मी मनात पोरीच्या नवव्या यत्तेची पुस्तकं मोजत व्हते.

बाजाराच्या तोंडाला एक शेरडू आडवं आलं. मालकांनी हारन दाबला. शेरडू पळालं. मालकांनी हात काढला. हारन थांबला नाय.

पाँऽऽऽऽऽऽऽऽ!

स्टेरिंगमधी कुटं वायर वायरीला चिकटली असनार. गाडी कडेकडेनं चाललीय, मालक शांत, व्हटांवर हसू, आनि हारन बेंबीच्या देठापासनं बोंबलतोय. मानसं दुकानातनं बाहेर आली. सायकलवाले उतरले. एका म्हशीनं दावं तोडलं. कुनाला वाटलं आगीचा बंब, कुनाला वाटलं वरात. एक म्हातारा तर गाडीला हात जोडून उभा. मालकांना वाटलं, आपल्यालाच नमस्कार. त्यांनी पन एक हात वर करून नमस्कार केला. इकडं केला, तिकडं केला. एवढा मान त्यांना हायस्कुलात बी कवा मिळाला नसंल.

मी खांद्यावर थाप मारली. आमच्या खुनांत समद्या दुनियेचे हारन व्हते, आपलाच हारन न्हवता. मालकांना वाटलं पाठनं ट्रक येतोय. त्यांनी गाडी बाजूला घेतली, खिडकीतनं हात काढून "जा, जा" केलं. ट्रक कुटला? परत थाप. परत "जा, जा". बोलले, "काय माणूस आहे, वाट दिली तरी जात नाही."

मुलानं दोन्ही कानांवर हात ठेवले व्हते. मंग त्यानं ते काढले आनि बापाच्या तोंडाकडं बघत बसला. बाहेर कुनाकडं नाय, बापाकडंच. बाजार संपला, नदीचा काठ आला, टपरीपाशी मालकांनी गाडी उभी केली. तरी हारन चालूच.

मालक उतरले, ऐटीत. टपरीवाल्यानं कान धरून बॉनेटकडं बोट केलं. मालकांनी तितं तळवा ठेवला. पत्र्याला हारनाची थरथर लागली असनार. त्यांचं तोंड मी बघितलं. दिवा वाऱ्यानं विझावा तसं. त्यांनी बॉनेट उघडलं, एक वायर उपटली, आनि सगळं गप झालं. नदीचं पानी ऐकू यायला लागलं.

मला त्यांनी इचारलं, "कुठपासून?"

मी समोर उभी ऱ्हाऊन सांगतलं, "बाजाराच्या तोंडापासनं."

त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. वाद नाय, काय नाय. मुलगा नदीकडं बघून बोलला, "बाई, त्यांना सांगा, गाडी मी नेतो परत. घरी गेल्यावर सामान बांधायचं."

हे मला सांगायला लागलं. माजी पडवी, माजी पोर, समदं त्या एका वाक्यात, आनि तेच माज्या तोंडानं. मी तोडमोड केली नाय. हळू सांगतलं, शबुद शबुद, जसं आलं तसं. मालकांनी मान हालवली आनि आयुष्यात पयल्यांदा त्या गाडीत डावीकडनं बसले.

मुलगा स्टेरिंगवर बसला. इंजिन गरम, आनि त्यानं चोक ओढला. चोक गार इंजिनाला द्यायचा, हे मला बी म्हाइत. वरनं पायानं दाबदाब दाबलं. इंजिन खोकललं, परत खोकललं, मंग नुसतीच घरघर. गाडीत पेट्रोलचा वास भरला. मालकांनी नाक वर केलं.

"ओव्हर झाली," ते बोलले. "पाजलंस जास्त. आता तिला सुकू दे. घाई करून उपयोग नाही."

आता गाडीला घाई नाय म्हनजे कुनालाच नाय. तिगं बसून ऱ्हायलो, चारी दारं उघडी टाकून. टपरीवाल्यानं चा आनून दिला. मुलानं चश्मा पुसला, परत पुसला.

मंग तो माज्याकडं वळून बोलला, "विचारा त्यांना. एवढं काय आहे या घरात? कुणी नाही बोलायला. पुण्याला का येत नाहीत?"

मी पुढं वाकून मालकांना सांगतलं. मालकांनी चा संपवला, कप खाली ठेवला. त्यांचा आवाज नेमी जरा मोठा असायचा, त्या येळेला बारका झाला.

"गेल्या दिवाळीला गेलो होतो ना तुझ्याकडे. तुझी बायको चांगली आहे. मुलं चांगली आहेत. पण सगळे ओरडतात रे. बाबा जेवलात का, ओरडून. बाबा झोपा, ओरडून. मला आवाज येत नाही, नुसती तोंडं दिसतात. रागावलेली. घरभर सगळे माझ्यावर रागावलेत, असं दिसतं. मी काय केलं तेच कळत नाही. ही बाय हळू बोलते. हिचं तोंड रागावलेलं दिसत नाही. तेवढंच आहे त्या घरात."

मी खिडकीतनं बाहेर बघायला लागले. काठाला कोनी कपडे धूत व्हतं, पिळून दगडावर टाकत व्हतं. तेच बघत ऱ्हायले.

मुलगा किल्ली बोटांत फिरवत ऱ्हायला. मालकांनी नाकानं वास घेतला, बोलले, "सुकली असेल. चोक आत ढकल. पाय पूर्ण दाबून धर, उचलू नको, आणि किल्ली दे."

मुलानं चोक आत केला. पाय दाबला. किल्लीला हात लावला, आनि मंग परत काढला. अख्खा वळला, गुडघं सुदिक वळवून, बापाच्या समोर आला. तोंड उघडलं, मिटलं. जोरात बोलायची सवय, ती आवरत व्हता. आनि मंग हळू, एकेक शबुद ताटात ठेवावा तसा बोलला.

"गाडी... चालवायची नाही. दारात... उभी राहू दे. तुम्ही... राहा... पेणलाच."

मालक त्याच्या व्हटांकडं बघत व्हते. माज्याकडं वळून त्यांनी कायच इचारलं नाय. तेवढं मला सांगायला लागलं नाय.